एल्मायरा प्रकरण

कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात 1974 मध्ये घडलेले प्रकरण. आधुनिक पुनर्स्थापक न्यायाचा, म्हणजे शिक्षेपेक्षा नुकसानभरपाई व समेटावर भर देणाऱ्या न्यायाचा, आरंभ सामान्यतः येथून मानतात. एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्री घरे, मोटारी व इतर मालमत्तेची नासधूस केली. त्यांनी 22 गुन्हे कबूल केले. परिवीक्षा अधिकारी व मेनोनाइट सेंट्रल कमिटीचा एक कार्यकर्ता यांनी सुचवले, की या मुलांनी नुकसान सोसलेल्यांना समोरासमोर भेटावे. अशा भेटीची तरतूद करणारा कोणताही कायदा नव्हता; तरीही न्यायाधीशांनी सूचना मान्य केली. मुले दारोदार गेली, आपण काय केले ते त्यांनी सांगितले, नुकसान किती झाले ते ऐकले आणि काही महिन्यांत भरपाई चुकती केली. पुढे किचनर येथे पीडित व अपराधी यांच्या समेटाचा कार्यक्रम उभा राहिला.

मेनोनाइट हा शांततावादी ख्रिस्ती पंथ. अपराध्याला एकट्याने जाऊन भेटण्याची मत्तयाच्या शुभवर्तमानातील (18:15) शिकवण त्यांच्या आचारात मुरलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानातील (19:1–10) जकातदार जक्कय लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. दया भरपाई माफ करत नाही, हे या कथेत फार स्पष्ट दिसते. मात्र क्षमेची सक्ती पीडितावर करता येत नाही. तशी अपेक्षाही लादली, तर तो दुसरा अन्यायच ठरतो. मेनोनाइट विचारवंत हॉवर्ड झेर यांनी ‘चेंजिंग लेन्सेस’ (1990) या ग्रंथात पुनर्स्थापक न्यायाच्या विचाराला सैद्धांतिक बैठक दिली.