रक्तातील लोहाची राखण

बालाघाट जिल्ह्यात चंदन नदीच्या काठी रामपायली हे जुने गाव आहे. तेथील राममंदिरामुळे नागपूर-भंडाऱ्याकडील लोकांना ते परिचित आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला; परंतु या बाजूची मराठी बोली, सोयरीक आणि बाजारहाट यांनी ही सीमारेषा कधी फारशी मानली नाही. जमिनीखालच्या खडकांनी तर ती मुळीच मानलेली नाही. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तिन्ही जिल्ह्यांतून मँगनीजच्या खनिजाचा एक मोठा पट्टा गेला आहे. १८९६ साली एक इंग्रज कंपनी या खनिजाच्या शोधासाठी स्थापन झाली. पुढे १९०९ साली भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी हिंदुस्थानातील मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला आणि या भागातील एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. बालाघाट शहराजवळील भरवेलीची खाण आज जमिनीत फार खोलवर गेली आहे. १९६२ साली जुन्या कंपनीच्या जागी सरकारी भागीदारीची नवी कंपनी आली, आणि काळ्या दगडांनी भरलेल्या वाघिणी पोलादाच्या कारखान्यांकडे जातच राहिल्या.

जो धातू येथे वाघिणी भरभरून निघतो, तोच धातू माणसाच्या शरीरात किती असावा? सगळा मिळून दहा ते वीस मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतल्या मिठाच्या वजनाचा एक लहानसा अंश. लोह त्या मानाने पुष्कळ, तीन ते चार ग्रॅम. तरी त्याचा एखादा बारीक खिळाच होईल. पण एवढ्याशा धातूवाचून शरीराचे चालत नाही. रक्तातील प्राणवायू लोहावाचून वाहिला जात नाही, आणि पेशींतील कित्येक रासायनिक क्रिया मँगनीज व जस्त यांवाचून अडून पडतात. आणि जे माणसाचे, तेच रोगजंतूंचे. शरीरात शिरलेल्या जंतूला वाढावयाचे असेल तर धातू लागतो, आणि तो त्याला यजमानाच्याच कोठारातून मिळवावा लागतो. या कोठारावरून जंतू आणि शरीर यांची जी झुंज चालते, तिचा पत्ता विज्ञानाला फार उशिरा लागला.

ज्या रोगाच्या अभ्यासातून या झुंजीचा एक ठळक पुरावा मिळाला तो रोग महाराष्ट्राला चांगलाच माहीत आहे. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी प्लेगचा जंतू ओळखला, आणि १८९६ मध्ये ही साथ मुंबईत उतरली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली लस मुंबईत प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. साथ मात्र थांबली नाही. ती पुण्यास गेली, नागपुरास गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरच्या प्लेगमध्ये केशव बळिराम हेडगेवार यांचे आई आणि वडील एकाच दिवशी मरण पावले. त्यांचे चुलते पुढे रामपायलीस राहत असत. अशी किती घरे त्या वर्षांत ओस पडली! लोक गावाबाहेर झोपड्या घालून राहिले, घरे धुतली गेली, उंदीर मारले गेले. जंतू कोणता हे ठाऊक होते, तो उंदरांच्या पिसवांमधून पसरतो हेही यथावकाश कळले. परंतु माणसाच्या देहात शिरल्यावर तो कशावर पोसतो, हा प्रश्न त्या धामधुमीत कोणी फारसा विचारला नाही.

तसे पाहिले तर या प्रश्नाचा एक धागा त्याआधीच एका वैद्याच्या हाती लागला होता. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे नामांकित डॉक्टर त्रूसो हे आपल्या विद्यार्थ्यांना बजावून सांगत की, क्षयाच्या रोग्याला लोहाचे औषध देऊ नये. त्याने दबलेला रोग उसळतो. क्षयी माणूस फिकट दिसतो, फिकट माणसाला लोह द्यावे, असा सर्वांचाच प्रघात होता. त्रूसो यांचा इशारा त्या प्रघातापुढे टिकला नाही, आणि त्यामागील कारण सांगणे त्यांनाही शक्य नव्हते.

कारण सापडले ते १९४४ साली, आणि तेही कोंबडीच्या अंड्यात. अमेरिकेतील शेड आणि कॅरोलाइन या दोन संशोधकांनी अंड्यातील कच्चा पांढरा बलक रक्ती आमांशाच्या जंतूंच्या खाद्यात मिसळला, तेव्हा जंतूंची वाढ थांबली. मग त्यांनी निरनिराळी द्रव्ये एकामागून एक त्यात घालून पाहिली. जीवनसत्त्वांनी काही झाले नाही. अनेक धातूंपैकी एका लोहाने मात्र जंतू पुन्हा वाढू लागले! बलकातील एक प्रथिन लोहाचे कण घट्ट पकडून ठेवीत होते आणि त्यामुळे जंतूंची उपासमार होत होती. दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याच जोडीने माणसाच्या रक्तद्रवातही असेच प्रथिन असल्याचे दाखविले. त्याला आज ट्रान्सफेरिन म्हणतात. रक्तातून लोहाची ने-आण करणे हे त्याचे काम. परंतु हा हमाल माल इतका घट्ट धरतो की वाटेत कोणाला एक कणही सुटा मिळू नये. अंड्याच्या कवचाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असूनही आतला जीव इतके दिवस सुरक्षित कसा राहतो, याचेही एक उत्तर त्यात मिळाले.

जंतू अर्थातच स्वस्थ बसलेले नाहीत. १९१२ साली ट्वार्ट या इंग्रज संशोधकाला असे दिसले होते की, गुरांच्या जुनाट हगवणीचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. मात्र क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतील इतर मृत जंतूंचा अर्क घातला की वाढतो. त्या अर्कातील द्रव्य १९४९ मध्ये शुद्ध रूपात हाती आले, त्याला मायकोबॅक्टिन असे नाव मिळाले, आणि ते लोहाला ओढून घेणारे आहे असे आढळले. पुढे अशी द्रव्ये जंतूंमागून जंतूंत सापडत गेली. त्यांना सिडेरोफोर म्हणतात. मराठीत ‘लोहवाहक’ म्हणता येईल. जंतू हा लोहवाहक बाहेर सोडतो, तो यजमानाच्या प्रथिनाकडून लोह हिसकावून घेतो, आणि जंतू त्याला लोहासकट पुन्हा आत ओढून घेतो. यावर शरीरानेही तोड काढलेली आहे. पांढऱ्या पेशींतील एक प्रथिन लोहाने भरलेला लोहवाहकच वाटेत अडवून ठेवते, हे २००२ मध्ये उघड झाले. त्यावर काही जंतूंनी आपल्या लोहवाहकाचा आकार असा बदलला आहे की, तो त्या प्रथिनाच्या पकडीत येतच नाही.

प्लेगच्या जंतूची कथा येथेच येऊन मिळते. १९५६ साली जॅक्सन आणि बरोज या संशोधकांनी प्लेगच्या जंतूंचे दोन प्रकार तपासले. रक्तातील लोहयुक्त रंगद्रव्य घातलेल्या खाद्यावर एका प्रकाराच्या वसाहती गडद रंगाच्या होत, दुसऱ्याच्या फिक्या राहत. गडद जंतू उंदरांना मारीत, फिके मारू शकत नसत. मात्र फिक्या जंतूंबरोबर लोहाचे क्षार टोचले की तेही मारक ठरत. ज्या जंतूने मुंबई, पुणे आणि नागपूर येथे हाहाकार केला त्याचे सामर्थ्य बऱ्याच अंशी यजमानाचे लोह मिळविण्याच्या हातोटीत होते, असा याचा अर्थ होतो. असे दुबळे केलेले फिके जंतू पुढे प्रयोगशाळांतून निर्धोक म्हणून वापरले जाऊ लागले. २००९ साली शिकागो येथे अशाच जंतूंवर काम करणारा एक संशोधक प्लेगने मरण पावला, तेव्हा सर्वांस धक्का बसला. शवपरीक्षेत दिसून आले की, त्याला शरीरात लोह फाजील साठत जाण्याचा आनुवंशिक विकार होता. ज्या जंतूला स्वतःहून लोह मिळविता येत नव्हते, त्याला येथे ते आयतेच मिळाले असावे, असा निष्कर्ष तपासणाऱ्यांनी काढला.

लोहाची ही हकीकत कळल्यावर इतर धातूंकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. १९९३ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे उंदरांतील एक जनुक सापडले. ते शाबूत असलेले उंदीर क्षयाच्या जंतूचे काही सोयरे आणि इतर कित्येक जंतू यांना दाद देत नाहीत. पांढऱ्या पेशीने गिळलेला जंतू ज्या कप्प्यात कोंडलेला असतो, त्या कप्प्यातून मँगनीज आणि लोह उपसून बाहेर टाकणारा पंप या जनुकामुळे तयार होतो, हे नंतर समजले. मग २००८ साली अमेरिकेत गळवांची तपासणी झाली. गळू करणारा जंतू उंदराच्या शरीरात वाढत असताना त्या जागचे मँगनीज मोजले, तेव्हा आसपासच्या निरोगी भागात मँगनीज होते, गळवाच्या आत मात्र जवळजवळ काहीच नव्हते. पांढऱ्या पेशींतील कॅलप्रोटेक्टिन नावाचे प्रथिन मँगनीज आणि जस्त पकडून ठेवीत होते. ज्या उंदरांत ते प्रथिन नव्हते, त्यांच्या गळवांत मँगनीज शिल्लक होते आणि जंतूही अधिक फोफावले होते. आपल्याकडे गळू पिकले की पोटीस बांधतात. आतल्या पुवात धातूंची एवढी काटेकोर नाकेबंदी चाललेली असते, हे कोणाच्या मनात यावे! मँगनीजवाचून जंतूला पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या दाहक रसायनांपासून स्वतःचा बचाव करणे जड जाते, हे त्या नाकेबंदीचे इंगित आहे.

तांब्याच्या बाबतीत शरीर उलटीच चाल खेळते. बालाघाट जिल्ह्यातच मलाजखंड येथे तांब्याची प्रचंड उघडी खाण आहे. तांबे थोडे हवे, फार झाले तर जहर; म्हणून पांढऱ्या पेशी कोंडलेल्या जंतूवर तांब्याचा मारा करतात. मँगनीजही अति झाले की घातकच. त्याच्या भुकटीत काम करणाऱ्या मजुरांचे हातपाय लुळे पडतात, हे स्कॉटलंडमधील कूपर यांनी १८३७ सालीच नोंदविले होते.

या सर्व ज्ञानाचा व्यवहाराशी गाठ पडण्याचा प्रसंग आला तो लोहाच्या गोळ्यांवरून. रक्तक्षय हा आपल्या देशातील स्त्रियांचा आणि मुलांचा जुना शत्रू. १९७० साली केंद्र सरकारने त्यांच्यासाठी लोह आणि फोलिक आम्ल देण्याची योजना सुरू केली. २०१८ पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ या नावाने तिची नवी मोहीम चालू आहे. गोळ्या आवश्यक आहेत यात शंका नाही. प्रसूतीच्या वेळी रक्त कमी पडल्याने किती माता दगावल्या, हे खेड्यापाड्यांतील सुइणी जाणतात. परंतु आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत पेंबा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह देऊन पाहिले, तेव्हा लोह घेणाऱ्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले, आणि हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. २००६ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेथे मलेरिया फार होता. मलेरियाचा परोपजीवी हा जंतूंच्या जातीचा नसला तरी लोहाचा भुकेला तोही आहे. त्याच बेटावर काही मुलांची मात्र आधी तपासणी होत असे आणि मलेरियावर वेळीच उपचार मिळत. त्यांतील ज्या मुलांच्या शरीरात खरोखरच लोह कमी होते, त्यांना गोळ्यांचा लाभच झाला.

बालाघाटच्या पूर्वेकडील बैहर आणि बिरसा या जंगलभागांत मलेरियाचा त्रास पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि रक्तक्षयही तेथे घरोघरी दिसतो. तेथील तापाने फणफणलेल्या मुलाच्या रक्तात लोह कमी आढळले, तर ते उपासमारीने कमी झाले आहे की देहानेच ते जंतूंपासून लपवून ठेवले आहे, हे नुसत्या एका आकड्यावरून कळत नाही. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे एक द्रव्य रक्तात सोडते. त्यामुळे आतड्यातून लोह शोषले जाणे मंदावते, आणि असलेले लोह पेशींच्या कोठारात कुलूपबंद होते. हे द्रव्य २००० सालच्या सुमारास सापडले. ताप चढलेला असताना दिलेली गोळी म्हणून बरीचशी वायाच जाते. ताप उतरून पुरेसे दिवस लोटले की तीच गोळी अंगी लागते.