अबईची शेंग आणि पाण्यांतील पारा

भिवंडीची कामवारी नदी उल्हासच्या खाडीस मिळते, आणि त्याच उल्हासला वरच्या अंगास काळू नदी येऊन मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आंबिवलीजवळ ह्या काळूच्या पाण्यांत व गाळांत पारा आढळला. पाण्यांत विरघळलेला पारा डोळ्यांना दिसत नाहीं, जिभेस कळत नाहीं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें दर लिटरांत त्याचें प्रमाण 0.001 मिलिग्रॅमहून अधिक असतां कामा नये. इतका अल्प अंश ओळखावा कसा?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर शेंगेच्या दाण्यांत दडलेलें होतें. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स समनर ह्यांचा डावा हात ऐन तारुण्यांत शिकारीच्या अपघातांत गेला होता. 1917 पासून नऊ वर्षें ते आपल्याकडील अबईच्या जातीच्या एका द्विदल धान्याच्या पिठाशीं झगडत राहिले आणि 1926 सालीं त्यांनीं त्यांतून यूरिएझ नांवाचें विकर, म्हणजे एन्झाइम, स्फटिकरूपांत वेगळें काढलें. विकरें हीं प्रथिनें होत, हा त्यांचा सिद्धांत मोठमोठ्या पंडितांनीं प्रथम झिडकारला. पुढें 1946 सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांच्याकडे चालत आला.

यूरिएझ यूरियाचें विघटन करून अमोनिया निर्माण करतें. परंतु पारा, चांदी किंवा तांबें ह्यांचा लेश लागतांच त्याचें काम मंदावतें, कारण हे धातु त्यांतील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतात. हा दुबळेपणाच पुढें उपयोगी पडला.

विकर पातळ पडद्याआड विद्युदग्रावर बसवून साखर मोजण्याची युक्ति 1962 सालीं लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स ह्यांनीं मांडली. 1969 सालीं गिलबॉ व माँटाल्व्हो ह्यांनीं यूरिएझचा विद्युदग्र बनविला. त्यानंतर संशोधकांनीं प्रश्नच उलटा केला: यूरिया ठरावीक ठेवावा, संशयित पाणी घालावें, आणि विद्युत्संकेत किती घटला ह्यावरून धातूचा अंदाज बांधावा.

मात्र विकर मंदावलें एवढेंच हें यंत्र सांगतें. पाऱ्यानें कीं तांब्यानें, हें त्यास सहसा सांगतां येत नाहीं. म्हणून प्रयोगशाळेंतील सविस्तर तपासणी टळत नाहीं. पण कोणतें पाणी आधीं तपासावें, हें नदीकांठींच कळलें तर थोडें नव्हे. यंत्रमागांच्या ह्या नगरींत रंगाईचें काम चालतें आणि कांहीं रंगांत तांबें व क्रोमियम असतें. तेथें रात्रंदिवस जागा राहणारा असा पहारेकरी निरुपयोगी खास नाहीं.