वण राहील का?

आजवर आपल्या रेडिओवर मी बोलले ते बचत, कर्जाचे हप्ते आणि शेळ्यांच्या विम्याबद्दल. आजचा विषय जरा वेगळा आहे. घरात पाव्हणे बसले असतील तर आवाज थोडा कमी करा, पण रेडिओ बंद करू नका.

आखाजीनंतरची गोष्ट आहे. गटाची बैठक संपली, वह्या आवरल्या, बाकीच्या निघाल्या, आणि एक ताई मागे थांबली. तिचं नाव सांगत नाही, पण ही गोष्ट सांगायची परवानगी तिने दिली आहे. वय ३६, दोन लेकरं, द्राक्षबागेत थिनिंगला जाते. म्हणजे मांडवाखाली दिवसभर मान वर आणि हात वर. तिने ब्लाउजचा गळा सरकवून खांदा दाखवला. विहिरीच्या काठावर दोर घासून घासून खाच पडते ना, तशी खाच दोन्ही खांद्यांवर पडली होती. आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी. तिची छाती फार जड आहे. मान दुखते, पाठ दुखते, उन्हाळ्यात छातीखालची कातडी घामाने सोलून निघते. "वाकून भाकरी थापायची तरी आधी कंबरेला हात लागतो," म्हणाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्तन लहान करायची शस्त्रक्रिया होते. ते ऐकून ती घरी आली आणि गप्प बसली. सासू म्हणाली, देवाने दिलेलं कापतात का? नवरा काहीच बोलला नाही. आणि मला तिने एकच विचारलं, "ताई, वण राहील का?"

मला डॉक्टरकीतलं कळत नाही. माझी बीए इतिहासात झाली आहे आणि जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे. म्हणून मी शोधत बसले, तेव्हा कळलं की हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी आपल्या पुण्याजवळच विचारला गेला होता. फक्त तो स्तनाबद्दल नव्हता, नाकाबद्दल होता.

कावसजी नावाचा एक गाडीवान होता. नाव पारशी वाटतं, पण लिहून ठेवलंय ते असं की तो मराठा, शेतकरी जातीचा. १७९०-९२ च्या टिपू सुलतानाबरोबरच्या लढाईत तो इंग्रजांच्या फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. 'नाक कापलं' हे आपण बोलीत किती सहज म्हणतो! त्या माणसाचं खरंच कापलं. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. हा कारागीर विटा पाडणाऱ्या जातीतला होता. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

त्याने केलं ते असं. मेणाचं नाक करून ते कावसजीच्या चेहऱ्यावर बसवून पाहिलं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेने रेघ ओढली, आणि तेवढी कातडी वस्तऱ्याने सोडवली. दोन भुवयांमध्ये मात्र थोडी जोडलेली राहू दिली, म्हणजे तिला रक्त मिळत राहील. मग ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. बेतून कापायचं, मग जोडायचं. शिवणकाम करणाऱ्या बायांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही नाक जोडायची रीत सांगितली आहे, तिथे कातडी गालाची घेतात.

दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचं चित्र काढणारा जेम्स वेल्स, त्यानेच कावसजीचंही चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिगत छापून आली. ती वाचताना मी एका जागी थांबले. लिहिणाऱ्याने नाक चांगलं दिसतं एवढंच सांगितलेलं नाही. कपाळावरच्या वणाचंही काही दिवसांनी फारसं लक्षात येत नाही, हे त्याने मुद्दाम लिहिलंय. म्हणजे वण राहील का, हे तेव्हाही लोकांनी पहिल्यांदा विचारलंच असणार. कावसजीने कपाळावर वण घेतला आणि नाक मिळवलं.

ही हकिगत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन केलं आणि तिथून ही विद्या युरोपभर गेली. तिला प्लास्टिक सर्जरी म्हणतात. त्यात प्लास्टिकच्या बादलीचा काही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणं, माती घडवणं. आपल्या विटा पाडणाऱ्याला शोभेल असा शब्द आहे.

आता स्तनाकडे येते. जड स्तनांचा त्रास नवीन नाही, तो फक्त कुणी मोजत नव्हतं. १६६९ साली इंग्लंडच्या प्लिमथ गावातल्या एका तरुण बाईचे स्तन एकाएकी इतके वाढले की ती अंथरुणातून उठू शकेना. त्यातच ती गेली. गेल्यावर वजन केलं तर एकच स्तन ६४ पौंड, म्हणजे २९ किलो भरला. तिच्या डॉक्टरने हे शास्त्रीय मासिकात कळवलं. एवढं टोकाचं झालं तेव्हा कुठे कागदावर आलं. आपल्याकडच्या कित्येक आज्या-पणज्यांनी गाठीची चोळी करकचून आवळली आणि आयुष्य काढलं.

स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनचा पुढचा सगळा इतिहास मी वाचला तो जणू वणाचाच इतिहास आहे. वण कुठे ठेवायचा आणि किती लांब, याचा. फ्रान्समध्ये १८९७ साली पूसाँ नावाच्या डॉक्टरने स्तनाच्या वरच्या बाजूने चंद्रकोरीसारखा भाग काढला. भार गेला, पण वण अगदी समोर. दहाएक वर्षांनी मोरेस्तँ या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरने स्तनाच्या खालच्या घडीतून काप घेतला, म्हणजे वण सावलीत गेला. १९२२ मध्ये शिकागोच्या थोरेक यांनी बोंड पूर्ण सुटं करून पुन्हा वर लावलं. आकार मिळाला, पण त्या रीतीने पान्हाही गेला आणि स्पर्शही. त्या वेळी पॅरिसमध्ये एक बाई सर्जन होत्या, सुझान नोएल. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्या झगडत होत्या आणि दवाखान्यात बायकांचे चेहरे आणि शरीरं दुरुस्त करत होत्या. १९२६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. अशा शस्त्रक्रियेचं समाजात काय काम आहे, हे त्यांनी पुस्तकाच्या नावातच घातलं. काम मिळवायला, टिकवायला बाईला शरीर लागतं, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. आपल्याला ते वेगळं सांगायला नको.

मग १९५६ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइज या डॉक्टरने काय करावं? त्याने ब्रेसियर शिवणाऱ्यांचा बेत घेतला आणि त्यावरून कातडीवर आखणी केली. आमच्या शिवण गटाला हे सांगितलं तेव्हा एकच हशा पिकला. "म्हणजे डॉक्टर आमच्याकडं शिकले!" ही आखणी सोपी आणि भरवशाची, म्हणून आजही खूप ठिकाणी तीच वापरतात. तिचा वण तीन भागांचा असतो: बोंडाभोवती गोल, तिथून खाली सरळ, आणि खालच्या घडीत आडवा. याला नांगराच्या आकाराचा वण म्हणतात. तो जहाजाचा नांगर बरं का, शेतातला नव्हे. पुढे आडवा भाग गाळून फक्त गोल आणि उभा वण ठेवण्याची रीत निघाली. ती जगभर पोचवण्यात दोन बाई सर्जनचा मोठा वाटा आहे, बेल्जियमच्या मादलेन लेझूर आणि कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले. फार मोठे स्तन असतील तर मात्र आडवा कापही घ्यावा लागू शकतो.

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर, हो, वण राहतो. शंभराहून जास्त वर्षं हुशार माणसं मागे लागली, तो लहान झाला, लपला, पण गेला नाही. पहिले काही महिने लाल आणि टणक असतो, वर्ष-दीड वर्षात फिकट होतो. काहींच्या कातडीला मुळातच वण फुगायची सवय असते. कान टोचल्यावर गाठ आली असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगायचं.

पण मला दुसरंच वाटत राहिलं. आपल्या अंगावर काय कमी वण आहेत? आपण गोंदून घेतलं, ते हौसेने. बाळंतपणाचे टाके आहेत. आमच्या गटात निम्म्याहून जास्त जणींच्या पोटावर कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचा वण आहे. तेव्हा 'वण राहील का' हे कुणी विचारलं होतं? घरच्यांनी नाही, आपणही नाही. ते ऑपरेशन घराच्या सोयीचं होतं. हे बाईच्या पाठीसाठी आहे, म्हणून सासूला देव आठवला. (सासूबाई ऐकत असतील तर रागावू नका, तुमच्याही पाठीचं बोलू कधीतरी.)

आणि सोयीच्या ऑपरेशनचं काय होतं ते आपण बीडमध्ये पाहिलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड. मग पिशवीच काढा. तिथे ऑपरेशन फार पटकन होत होतं. आमच्या ताईचं होतच नाही. दोन्हीकडे तिला काय हवंय हे विचारायचं राहून जातं.

सहीबद्दलही सांगते, कारण ताईला वाटत होतं नवऱ्याच्या सहीशिवाय काही होत नाही. दिल्लीत एका बाईला तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिची गर्भपिशवी काढली. ती बाई कोर्टात गेली. १६ जानेवारी २००८ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. समीरा कोहली खटला म्हणून तो ओळखला जातो. सज्ञान बाई स्वतः ठरवू शकत असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्याऐवजी दुसऱ्याची संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही. नवऱ्याला विचारावं, सोबत न्यावं, ते चांगलंच. पण सही तिची.

डॉक्टरसमोर छाती उघडायची लाज, हेही जुनं आहे. बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत म्हणून मुंबईत लोकांनी वर्गणी काढली, विलायतेहून डॉक्टर एडिथ पीची यांना १८८३ मध्ये बोलावलं, आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं. आपल्याला आज बाई डॉक्टर मागता येते. मागायची. आणि प्लास्टिक सर्जरी फक्त नट्यांची असंही नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर अंतिया कुष्ठरोग्यांचे चेहरे आणि हात दुरुस्त करत. त्याच माणसाने १९७० च्या दशकात अलिबागजवळ मांडव्याला गावातल्या साध्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. शरीराचं ज्ञान बाईला झेपतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून मी आणि ताईने मिळून वहीत प्रश्न लिहिले. आधी नीट मापाची ब्रेसियर आणि व्यायाम करून पाहायचा का? (२००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात त्याने टिकाऊ आराम पडला नव्हता, ऑपरेशनने पडला. पण ते तिथलं, म्हणून विचारायचं.) कोणता वण येईल, कागदावर काढून दाखवा. आधी केलेल्या बायकांचे फोटो आहेत का? स्पर्श कमी होईल का? पुढे बाळ झालं तर दूध येईल का, कारण काहींना येत नाही. काढलेला भाग तपासायला पाठवणार ना? खर्च किती, सरकारी दवाखान्यात होईल का? वजन किती दिवस उचलायचं नाही? याचं उत्तर साधारण सहा आठवडे असं मिळालं. ताईने लगेच बोटं मोजली. थिनिंग दिवाळीनंतर सुरू होतं, त्याआधी बसतं का बघत होती.

आणि शेवटचा प्रश्न डॉक्टरांनीच तिला विचारला: तंबाखू, मिश्री लावता का? लावत असाल तर काही आठवडे आधी बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात, कातडीला रक्त पोचत नाही, टाके उसवतात आणि वणही वाईट येतो. ताईची मिश्री लग्नाआधीपासूनची.

ऑपरेशन करायचं की नाही, ते तिने अजून ठरवलेलं नाही. मीही विचारत नाही. पण मिश्रीची डबी तिने लेकीकडे लपवायला दिली आहे. परवाच्या बैठकीत हप्ता भरताना हळूच म्हणाली, "अकरा दिवस झाले."