ऐकण्याचा परवाना

गेल्या दिवाळींत आम्ही दारव्ह्यास आमच्या जुन्या घरीं गेलों असतां माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक झाडपुसीकरितां खालीं काढण्यांत आली. तिच्या तळाशीं कापसाच्या अडतीच्या पावत्या, दोनचार पंचांगें आणि त्यांखालीं एक मळकी पुस्तिका निघाली. आमच्या वडिलांच्या रेडिओच्या परवान्याची ती पुस्तिका होती. आंत त्यांचें नांव, पत्ता आणि वर्षागणिक पोस्टांत भरलेल्या फीच्या खुणा. योगायोग असा कीं, त्याच सायंकाळीं पुण्यास शिकणाऱ्या आमच्या पुतण्यानें आपल्या पिशवींतून मुठींत मावणारें एक यंत्र बाहेर काढिलें. परदेशांतून परतलेल्या एका मित्रानें तें त्यास दिलें होतें. त्यास स्कॅनर म्हणतात. वडिलांची पुस्तिका पाहून तो हंसला व म्हणाला, “काका, ऐकायलासुद्धां परवाना? बोलणाऱ्यानें घ्यावा. ऐकणारा कोणाचें काय घेतो?”

प्रश्न साधा दिसला, तरी उत्तर आम्हांस लगेच देतां आलें नाहीं. तें शोधूं लागतांच शंभर वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहिला. त्यांतलें आम्हांस जें महत्त्वाचें वाटलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम त्या यंत्राविषयीं. वडिलांच्या रेडिओंत आपण कांटा फिरवून एक केंद्र लावीत असूं व तेथेंच थांबत असूं. स्कॅनर स्वतःच कांटा फिरवितो. त्यास एक खालची व एक वरची मर्यादा सांगावयाची आणि मधलें पाऊल केवढें टाकावयाचें तें सांगावयाचें. मग तो एका लहरीवरून दुसरीवर सेकंदास कैक उड्या मारीत जातो, आणि जेथें आवाज सांपडेल तेथें थबकतो. रिकाम्या लहरीवर जी अखंड खरखर असते, तिच्यावर थांबूं नये म्हणून त्यास ‘स्क्वेल्च’ नांवाचा बांध असतो. खरखर नुकतीच बंद होईल इतकाच तो चढवावा. अधिक चढविल्यास दूरचा क्षीण आवाजही बांधाआड राहतो, व नवशिक्या मनुष्य यंत्र बिघडलें असें समजून बसतो. विमानांची संभाषणें ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतात व त्यांस जुनी ‘एएम’ पद्धत लागते. १४४ मेगाहर्ट्झपासून पुढें हौशी रेडिओवाल्यांचा लहानसा पट्टा आहे, तेथें ‘एफएम’ लागते. ही पद्धत चुकली तर शब्द फुटके ऐकूं येतात. एरिअलही लहरीच्या मापाचा हवा. १२५ मेगाहर्ट्झची लहर सुमारें २४० सेंटिमीटर लांब, तिचा चतुर्थांश ६० सेंटिमीटर. यंत्राबरोबर आलेल्या आंखूड रबरी दांडीपेक्षां तेवढी एक साधी तार गच्चीवर उभी केली असतां अधिक काम देते.

या लहरी प्रकाशाप्रमाणें जवळजवळ सरळ जातात. म्हणून दारव्ह्याहून नागपुरच्या विमानतळावरील जमिनीवरचा आवाज या यंत्रांत यावयाचा नाहीं. मध्यें पृथ्वीची वाकण आड येते. परंतु दहा किलोमीटर उंचीवरून जाणारें विमान चारशें किलोमीटरपर्यंत ‘दिसतें’, आणि नागपुरच्या आकाशांत तर देशाचे चारी दिशांचे मार्ग एकमेकांस छेदतात. तेव्हां असें यंत्र येथें लाविलें तर वैमानिकाचें उत्तर ऐकूं यावें, पण त्यास विचारलेला प्रश्न ऐकूं येऊं नये, असा चमत्कारिक प्रकार होईल. दुसऱ्याचें बोलणें चोरून ऐकणाऱ्यास अर्धेंच ऐकूं येतें, या लोकानुभवाचें हें शास्त्रीय रूपच म्हणावयाचें.

आतां पुतण्याच्या प्रश्नाकडे वळूं. मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारी, दारव्ह्यावरून जाणारी आमची ‘शकुंतला’ आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत सुरू झाली. तो काळ तारेचा होता. तारेंतला निरोप एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाई. मधल्या शेतांत उभ्या असलेल्या माणसास खांबाचा गुणगुणाट तेवढा ऐकूं येई. तो निरोप कोणास चोरावयाचा झाल्यास खांबावर चढून तार तोडावी वा जोडावी लागे. १८८५ सालचा तारेचा कायदा अशा जगासाठीं रचिला गेला, व तार चालविण्याचा मक्ता त्यानें सरकारच्या हातीं ठेविला. त्या वेळीं मार्कोनीची बिनतारी विद्या जन्मासही आली नव्हती. ती आल्यावर निरोप तारेंतून सुटला व चोहोंकडे पसरला. ज्याच्यासाठीं तो पाठविला त्याच्या घरावरून जातो, तसाच शेजाऱ्याच्या घरावरूनही जातो. ऐकणें हा गुन्हा होऊं शकतो कीं काय, हा प्रश्न याच क्षणीं उपस्थित झाला.

आपल्याकडे त्यास प्रथम पैशाचें रूप आलें. मुंबईस १९२३ सालीं रेडिओ क्लबानें हौसेनें प्रसारण सुरू केलें. पुढें २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडलें. श्रोत्यानें वर्षास १० रुपये परवाना-फी द्यावी व तींतला ८० टक्के भाग कंपनीस मिळावा, असा करार होता. परंतु परवाने थोडे निघाले आणि फुकट ऐकणारे पुष्कळ झाले. १९३० च्या आरंभीं कंपनीचें दिवाळें वाजलें व प्रसारण सरकारास आपल्याकडे घ्यावें लागलें. १८८५ च्या कायद्यानें यंत्र चालविणाऱ्यास पकडतां येई, पण नुसतें घरांत बाळगणाऱ्यास पकडणें कठीण होतें. ती फट बुजविण्याकरितां १९३३ चा बिनतारी कायदा झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून अमलांत आला. परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ ठेवणें हाच त्यानें गुन्हा ठरविला. पहिल्या वेळीं १०० रुपयांपर्यंत दंड. आमच्या ट्रंकेंतील पुस्तिकेचें मूळ हें असें होतें. ऐकणाऱ्यानें कोणाचें कांहीं घेतलें, तर तें कंपनीच्या वाट्याचे रुपये, एवढाच तेव्हांचा भाव.

१९४२ सालीं मात्र हा हिशेब पालटला. १९३९ मध्यें युद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी रेडिओवाल्यांचे परवाने थांबविले व त्यांचीं प्रक्षेपक यंत्रें ताब्यांत घेतलीं होतीं. ऑगस्ट १९४२ मध्यें पुढारी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांवर बंधनें आलीं. त्याच महिन्यांत १६ तारखेस आमच्या विदर्भांत आष्टी व चिमूर येथें जें घडलें आणि मागाहून लष्कर व पोलीस यांनीं चिमुरास जे अत्याचार केले, त्यांची वार्ता छापील रूपानें लोकांपर्यंत नीट पोंचेना. चिमूरच्या प्रश्नावर प्रा. भणसाळी यांनीं ६३ दिवसांचें उपोषण केलें, त्याची बातमीही सरकारनें अडविली. त्याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील वृत्तपत्रांनीं हरताळ पाळिला.

अशा समयीं मुंबईस बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास व चंद्रकांत झवेरी, बाबुभाई खाकर आणि त्यांचे सहकारी यांनीं एक गुप्त केंद्र उभारिलें. त्यास काँग्रेस रेडिओ म्हणत. २७ ऑगस्ट १९४२ पासून तें ४२.३४ मीटरवर बोलूं लागलें. या लांबीचा हिशेब केला तर तो सुमारें ७०८० किलोहर्ट्झ येतो, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या ४० मीटर पट्ट्यांतच पडतो. ज्यांचीं तोंडें सरकारनें तीन वर्षांपूर्वीं बंद केलीं होतीं, त्यांच्याच रिकाम्या आळींत हा आवाज उठला. या लहरी स्कॅनरच्या लहरींसारख्या क्षितिजाशीं संपत नाहींत. वातावरणाच्या उंच थरावरून परत फिरून त्या शेंकडों मैल जातात. म्हणूनच मुंबईच्या एका खोलींतला आवाज प्रांतोप्रांतीं नेतां येण्याजोगा होता. चितगांववरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियाची हकीकत आणि आष्टी-चिमूरचा वृत्तांत या केंद्रानें लोकांस सांगितला. स्वतःच्या प्रांतांतली बातमी मुंबईच्या चोरट्या केंद्रावरून ऐकावी, अशी वेळ वैदर्भीयांवर आली होती.

या केंद्राचा सर्वांत एकनिष्ठ श्रोता कोण होता? सरकारच! पोलिसांचीं माणसें रोज कान देऊन बसत व शब्दन् शब्द टिपून घेत. प्रक्षेपण कोठून होतें हें हुडकण्याची रीत अशी कीं, वळ्याच्या आकाराचा एरिअल फिरवावा, आवाज कोणत्या दिशेनें येतो ती रेषा नकाशावर ओढावी, व दुसऱ्या जागेवरून तसेंच करून दोन रेषा जेथें छेदतील तेथें शोध घ्यावा. यावर उपाय एकच, जागा बदलणें. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, वाळकेश्वरचा रतन महाल अशा जागांतून हें बिऱ्हाड हलत राहिलें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं महालक्ष्मीजवळील पॅरडाइज बंगल्यावर धाड पडली. आपल्याच एका तंत्रज्ञानें पत्ता सांगितला, असें उषाबेन पुढें सांगत. खटल्यांत बाबुभाईंस पांच, उषाबेनना चार व चंद्रकांत झवेरींस एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व शिकागो रेडिओचे नानक मोटवाने सुटले.

आज काँग्रेस रेडिओवर कोणत्या दिवशीं काय बोललें गेलें, हें आपणांस सविस्तर कळतें तें कशावरून? मुख्यतः पोलिसांच्या त्या टांचणांवरून. शिक्षा देण्यासाठीं ऐकलेलें व लिहिलेलें बोलणें पुढें राष्ट्राच्या इतिहासाचें साधन झालें. म्हणजे ऐकणाऱ्याच्या हेतूनें त्याच्या कृतीचें मोल संपत नाहीं. आणि त्याबरोबरच दुसरेंही ध्यानांत येतें. ऐकणें हें सत्ताधाऱ्यांस इतकें प्रभावी साधन वाटलें कीं, तें त्यांनीं स्वतः जोरानें वापरिलें आणि प्रजेस परवान्यानें मोजून दिलें.

स्वराज्य आल्यावर हा परवाना गेला नाहीं. उलट १९४९ च्या दुरुस्तीनें विनापरवाना प्रक्षेपक यंत्र बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. हौशी सेवेच्या १९७८ च्या नियमांत तर केवळ लघुलहरी ऐकणाऱ्यांसाठीं एक वेगळा परवाना होता. पुढें तो वर्ग गळाला, व आतां सामान्य आणि मर्यादित असे दोनच वर्ग उरले आहेत. घरगुती रेडिओची फी १९८५ च्या सुमारास कायमची उठली, आणि तेव्हांपासून आकाशवाणी ऐकण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. परंतु जें सर्वांसाठीं बोललें जात नाहीं, तें ऐकणाऱ्या यंत्रास ही सूट नाहीं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यांत दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येंच टिपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा दोन कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. २०२५ सालीं वॉकी-टॉकीसारख्या उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीवरही ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें नियम घातले. दुकानदाराची पावती म्हणजे परवाना नव्हे, हें तरुण मंडळींनीं विसरूं नये.

इतर देशांनीं हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनीं सोडविला आहे. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याचा मूळ रोख असा कीं, ऐकलेलें दुसऱ्यास सांगूं नये व त्यापासून लाभ उठवूं नये. त्यामुळें तेथें पोलीस व अग्निशामकांचीं बोलणीं ऐकणारे स्कॅनर घरोघर गेले. १९८६ मध्यें मोबाइल संभाषणास मात्र निराळें संरक्षण मिळालें. इंग्लंडांत २००६ च्या कायद्यानें, आपणांस उद्देशून नसलेला संदेश मुद्दाम ऐकणें हेंच निषिद्ध मानिलें आहे. आम्हांस विचाराल तर अमेरिकन कायद्यांतलें तत्त्व मनास अधिक पटतें. कानावर पडलें हा दोष नव्हे. तें चव्हाट्यावर मांडणें वा त्यावर पोट भरणें हा दोष. परंतु आपल्या देशाचा कायदा जोंवर वेगळें सांगतो, तोंवर आपलें मत मांडावें आणि कायदाही पाळावा, हेंच सुशिक्षितांस शोभतें.

आणि मार्ग अगदींच बंद आहे असेंही नाहीं. हौशी रेडिओची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास सरकार स्वतःचें संकेतनाम देतें. मग त्यास आपल्या पट्ट्यांत ऐकतांही येतें आणि बोलतांही येतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां निरोप पोंचविण्याच्या कामीं हे हौशी लोक उपयोगीं पडले. फोन मुका झाला असतां कोणी तरी कान देऊन बसलेला असणें, याचें मोल त्या दिवसांत कळलें.

हें सर्व आम्हीं पुतण्यास ओसरीवर बसून सांगितलें. “तर मग वडिलांनीं दर वर्षीं पैसे भरले ते कशासाठीं?” असें त्यानें विचारिलें. आम्हीं म्हटलें, “ऐकण्यासाठीं भरले, आणि ऐकणारा कोण हें सरकारास ठाऊक असावें म्हणूनही भरले.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें यंत्रांतील सेल काढून तें डब्यांत ठेविलें, व परीक्षेस कोणती पुस्तकें लागतात याची चौकशी सुरू केली. परत निघतांना आम्ही ती पुस्तिका ट्रंकेंत ठेवणार, तोंच त्यानें ती आमच्याकडून मागून घेतली.