खपलीचं कूळ आणि जेलवरच्या पट्ट्या

कुपवाडपासून कृष्णाकाठच्या गावांपर्यंत खीर म्हटली की खपली गहू लागतो. कर्नाटकाच्या सीमेकडे तिलाच हुग्गी म्हणतात. मळणी झाली तरी या गव्हाचं टरफल दाणा सोडत नाही, म्हणून तो सडावा लागतो. चपातीच्या गव्हाशी त्याचं नातं काय, याचा शोध ज्या रीतीने घेतला गेला, तिची सुरुवात रक्तद्रवापासून झाली.

स्वीडनमध्ये उप्साला इथे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली रक्तद्रवातली प्रथिनं विजेच्या प्रवाहात वेगळी केली. प्रथिनावर विद्युतभार असतो, त्याप्रमाणे ते धन किंवा ऋण टोकाकडे सरकतं. १९४८ चं नोबेल त्यांना मिळालं. पण नुसत्या द्रवात प्रथिनं पुरती सुटी होत नव्हती. ती अडचण सोडवली टोरांटोत ऑलिव्हर स्मिथीज यांनी. वडिलांच्या शर्टांना आई स्टार्च करायची आणि थंड झाल्यावर तो थिजायचा, हे त्यांना आठवलं. त्यांनी बटाट्याच्या स्टार्चचा जेल केला, त्यात रक्तद्रव घालून वीज सोडली. लहान प्रथिनं जेलमधून पुढे सरकली, मोठी मागे अडखळली. रंग चढवताच एकाखाली एक पट्ट्या उमटल्या. १९५५ साली हे प्रसिद्ध झालं. इतकी साधी आणि इतकी दूरवर पोचलेली युक्ती विज्ञानात क्वचितच सापडते.

प्रथिनं जनुकांनुसार घडतात. दोन जातींच्या पट्ट्या जुळल्या, तर नात्याचा संशय घ्यायला जागा असते. चार्ल्स सिबली यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकावरून पक्ष्यांची कुळं ताडली. कॅलिफोर्नियातले बी. एल. जॉन्सन गव्हाकडे वळले. खपलीत २८ गुणसूत्रं, म्हणजे ए आणि बी असे दोन संच. चपातीच्या गव्हात ४२, त्यात रानगवताकडून आलेला डी संच जास्तीचा. बी संच कोणाचा, हे मात्र कोडं होतं. दाण्यातल्या प्रथिनांच्या पट्ट्या पाहून जॉन्सन यांनी १९७५ मध्ये ट्रिटिकम उरार्टू या रानगव्हाचं नाव घेतलं. पुढे डीएनएने दाखवलं की उरार्टू हा ए संचाचा मूळपुरुष. बी संच एजिलॉप्स स्पेल्टॉइडिसच्या जवळचा. नातं खरं निघालं, बाजू चुकली. भार आणि आकार सारखा असला की वेगळी प्रथिनंही एकाच जागी थांबतात, हा या रीतीचा मोठा दोष.

म्हणून आज कूळ शोधायला डीएनएच घ्यावं. पण गव्हाचं वाण ओळखायला ग्लायडीन प्रथिनांच्या पट्ट्या ही आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली पद्धत आहे, आणि आपल्या महाविद्यालयांनी खपलीच्या बियाण्यासाठी ती जरूर वापरावी.