भिंतींची वाचा

भिंतींना कान असतात, ही म्हण गुपित बोलणारांस सावध करण्यासाठीं आहे. परंतु भिंतींना वाचाही असते व ती वक्त्याचें बोलणें पार बुडवूं शकते, याचा प्रत्यय अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठास १८९५ सालीं आला. तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. तेवढ्यांत पुढचे कित्येक शब्द त्यावर येऊन आदळत आणि श्रोत्यांच्या कानीं नुसता कल्लोळ पडे.

विद्यापीठाचे अध्यक्ष एलियट यांनीं हें दुखणें वॉलेस सॅबिन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाच्या हवालीं केलें. सॅबिन यांचीं साधनें तरी किती साधीं! ऑर्गनची एक नळी, कालमापक आणि स्वतःचे कान. रात्रीं शहर निजल्यावर जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील गाद्या ते आणवीत, नळी वाजवून थांबवीत आणि नाद विरेपर्यंतचा काळ मोजीत. सकाळ होण्यापूर्वीं गाद्या जागच्या जागीं गेलेल्या असत. प्रयोग करणाराचे कपडेही आवाज शोषतात हें ध्यानांत येतांच त्यांनीं तीन हजारांहून अधिक निरीक्षणें रद्द केलीं व पुढें प्रयोगाचा पोशाख एकच ठेवला.

या कष्टांतून १८९८ सालीं नियम हातीं आला. खोलीचें घनफळ जितकें मोठें, तितका निनाद लांबतो. शोषण जितकें अधिक, तितका तो आंखुडतो. त्याच आधारें बांधलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल १९०० सालीं उघडलें. जगांतील उत्तम संगीतगृहांत त्याची गणना आजही होते.

घरांतील लहान खोलींत गाणें वा भाषण मुद्रित करणारासही सॅबिन यांच्या गाद्यांचा धडा उपयोगी आहे. मात्र तो अपुरा पडतो. सेकंदास १०० कंपनें असलेल्या खर्ज स्वराची लाट सुमारें ३.४ मीटर लांब असते. पातळ फोम किंवा पडदा तिला अडवूं शकत नाहीं. तो फक्त वरचे स्वर गिळतो. खर्ज समोरासमोरच्या भिंतींमध्यें खेळत राहतो आणि आवाज कोंदट होतो. अशा खोलींत खालच्या स्वरांपुरतें सॅबिन यांचें गणितही लागू पडत नाहीं. कारण तेथें नाद सर्वत्र सारखा पसरत नाहीं, कोठें तो सांचतो तर कोठें लोपतो. म्हणून खनिज लोकरीचे जाड थर कोपऱ्यांत बसवावे लागतात, आणि भिंतींवरचे थर थोडें अंतर सोडून लावल्यास अधिक गुण येतो. रस्त्यावरचा गोंगाट मात्र या थरांनीं थांबत नाहीं. त्यास जड भिंत आणि फटी बुजविलेलें दारच लागतें.

खोली सजविण्यापूर्वीं ती नीट ऐकावी व मोजावी, हेंच त्या रात्रींच्या श्रमांचें सार. दुखणें कोणत्या स्वराचें आहे हें न पाहतां भिंती मढविल्यास पैसा जातो आणि घुमणें तसेंच राहतें.