मापन आणि निष्कर्ष : इरावती कर्वे यांच्या मानववंशशास्त्रीय शिक्षणाचा एक विचार

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानववंशशास्त्राला स्वतंत्र विषयाचे स्थान देणारी भारतीय विद्यापीठे अगदी थोडी होती. कलकत्ता विद्यापीठात १९२० मध्ये या विषयाचे पदव्युत्तर अध्यापन सुरू झाले. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग स्थापन झाला आणि तेथे जाती-जमातींचा अभ्यास समाजशास्त्राच्या अंगाने होऊ लागला. या परिस्थितीत इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी मानववंशशास्त्राचे शिक्षण कसे घेतले आणि त्यातून काय स्वीकारले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबई ते बर्लिन

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान विषयात पदवी घेतल्यानंतर इरावतीबाईंनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला व १९२८ मध्ये एम. ए. पदवी मिळविली. त्याच वर्षी त्या जर्मनीस गेल्या. बर्लिन येथे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र संस्थेत त्यांनी संशोधन केले. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

मानवी कवटीच्या दोन बाजूंतील स्वाभाविक असमानता हा इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. ही असमानता वंशाशी निगडित असावी, अशी अपेक्षा त्या संस्थेच्या विचारचौकटीत बसणारी होती. परंतु प्रत्यक्ष मापनांतून असा संबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. ज्यांच्या हाती आपली पदवी आहे, त्यांच्याच गृहीतकाला प्रतिकूल असे अनुमान एका परदेशी विद्यार्थिनीने नोंदवावे, ही घटना शास्त्राच्या इतिहासात दुर्लक्षण्यासारखी नाही.

डेक्कन कॉलेजमधील कार्य

१९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुनरुज्जीवित झालेल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या व अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. बर्लिनमध्ये आत्मसात केलेले मापनतंत्र त्यांनी सोडले नाही. मात्र त्याला नवे प्रश्न विचारले. एकाच व्यवसायाच्या व एकाच नावाच्या जाती एका मूळ गटातून फुटून निघाल्या काय, हा त्यांपैकी प्रमुख प्रश्न होय. ‘हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन’ (१९६१) या ग्रंथात महाराष्ट्रातील कुंभारांच्या विविध जातींचे उदाहरण घेऊन त्यांनी असे प्रतिपादन केले की, अंतर्विवाही जात हाच मूळ घटक असून ‘कुंभार’ हे अनेक स्वतंत्र जातींच्या समूहाचे नाव आहे. येथे त्यांचा आपले गुरू घुर्ये यांच्याशीही मतभेद झाला. पुढे १९६८ मध्ये कै. च. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली.

मापनाबरोबरच क्षेत्रकार्य, आप्तसंबंधांची परिभाषा आणि संस्कृत वाङ्मय यांचा त्यांनी एकत्रित उपयोग केला. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) हे त्याचे फलित होय. कोयना धरणग्रस्तांच्या पाहणीचा अहवाल (१९६९) पाहिला असता, हीच दृष्टी विस्थापितांच्या प्रश्नापर्यंत पोहोचलेली दिसते.

मर्यादा व समारोप

इरावतीबाई वंशविषयक परिभाषेतून पूर्णतः मुक्त झाल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. शरीरमापनावरून लोकसमूहांच्या पूर्वेतिहासाचा शोध घेता येतो, हा त्या काळाचा विश्वास त्यांच्या लेखनातही आढळतो आणि आजच्या जनुकीय संशोधनाच्या प्रकाशात ती पद्धती अपुरी ठरते. तथापि, पद्धती व गृहीतक या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भान त्यांनी विद्यार्थिदशेतच दाखविले. आपल्या महाविद्यालयांतून आपण विद्यार्थ्यांना संशोधनाची तंत्रे शिकवितो. परंतु मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध निघालेला निष्कर्ष निर्भयपणे मांडण्यास त्यांना कितपत वाव देतो, याचा विचार अध्यापकांनी करणे अगत्याचे आहे.